एकच लेन्स उरली आहे. तिच्यावरच वर्ष काढावं का?

हार्डवेअरवाला (फोंडा)
१५ जून, रात्री १०.५०

मंडळी, आधी दुःख सांगतो, मग प्रश्न.

माझा निकॉन डी ५६००. त्याच्याबरोबर आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स, नंतर पैसे साठवून घेतलेली ७०-३००, आणि बिनझूमची ३५ एफ १.८. गेल्या गणेश चवथीनंतर कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. बॅगेत घालून, चेन ओढून, कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला होता, वर आईची जुनी शाल. मे महिन्यात साळावली धरणाचं पाणी उतरलं, कुर्डी गाव वर आलं, म्हणून रविवारी सांग्याला जायचं ठरवलं आणि आदल्या रात्री बॅग उघडली. ७०-३०० च्या आतल्या काचेवर बुरशी. कोळ्याने जाळं विणावं तशी, मधून कडेपर्यंत. १८-५५ तर त्याहून वाईट. दुरुस्तीवाला म्हणाला, कोटिंग खाल्लंय, साफ करून देतो पण डाग जायचे नाहीत, आणि तेवढ्या पैशांत वापरलेली दुसरी येईल.

३५ वाचली, कारण ती घरात नव्हतीच. मावसभावाने मुलीच्या बारशाला नेली आणि परत द्यायला विसरला. तेव्हापासून ती त्याच्या दुकानात झेरॉक्स मशीनशेजारच्या खणात पडून होती. विसराळूपणाचे असेही फायदे.

तर आता एक बॉडी, एक लेन्स. आमच्या लहान (क्रॉप) सेन्सरवर ३५ म्हणजे मोठ्या, फुल फ्रेम सेन्सरवरच्या ५२ च्या आसपास. कुर्डीला गेलो तसाच. वाळलेल्या तळात, घरांच्या जोत्यांमध्ये उभा राहिलो तर डावा हात आपोआप झूमची रिंग चाचपत होता, जीभ पडलेल्या दाताची जागा चाचपते तसा.

इंटरनेटवर जिकडेतिकडे एकच उपदेश: स्वतःला मर्यादा घाला, फोटो सुधारतील. एक लेन्स, एक वर्ष. फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँने बहुतेक सगळं काम ५० वरच केलं, वगैरे. मला हे पटतंही आणि संशयही येतो.

पटतं, कारण दुकानात रोज बघतो. रंगाचं शेड कार्ड पूर्ण उघडून दिलं की नवरा-बायको अर्धा तास वाद घालतात आणि "उद्या येतो" म्हणून जातात ते जातातच. मी हल्ली आधी विचारतो, खोलीत ऊन कुठल्या बाजूने येतं, आणि सहाच पट्ट्या पुढे ठेवतो. दहा मिनिटांत डबा गाडीत.

संशय येतो, कारण लेन्स गेल्यावर मर्यादेचे गोडवे गायचे म्हणजे कोल्ह्याची द्राक्षं.

आणि खरं सांगू? चवथीनंतर कॅमेरा उघडला नाही तो कंटाळ्याने. हार्ड डिस्कवर ४१ हजार फोटो आहेत. मिरामारचा सूर्यास्त, दिवाडीची फेरीबोट, फोंतेंयसच्या भिंती, दूधसागर, परत मिरामार. सहा वर्षांत कॅमेरा शिकलो, फोटो तेच राहिले. एका लेन्सने यात फरक पडेल का? ज्यांनी खरोखर करून बघितलंय त्यांनी सांगा. वाचून आलेलं नको, ते मीही वाचलंय.


मेगापिक्सेल
१५ जून, रात्री ११.०४

फुल फ्रेम घ्या. हप्त्यावर मिळतो.


हार्डवेअरवाला
१५ जून, रात्री ११.०९

हप्ता फेडणारा कुठे मिळतो तेही कळवा.


मंगलाष्टक_फोटो (मडगाव)
१६ जून, दुपारी २.३०

भाई, मी लग्नं करतो. माझी नव्हे, लोकांची. मर्यादा हा रविवारचा खेळ आहे. अंतरपाट सरकला की माझ्या हातात चार-पाच सेकंद असतात. अक्षता हवेत, नवरीची आत्या मोबाइल वर धरून बरोबर माझ्या पुढ्यात. तिथं "पायांनी झूम करतो" म्हणालो तर होमात पडेन. दोन बॉडी, २४-७० आणि ७०-२००, प्रत्येकीत दोन कार्डं. गिऱ्हाईक अल्बम बघताना "फोटोग्राफरने स्वतःला घडवलं हो" असं म्हणत नाही, "मामा कुठे आहे?" एवढंच विचारतं.

एक मात्र मान्य करतो. चर्चमधल्या लग्नांनी मला शिकवलं. सुरुवातीला एका पाद्रीनी साफ सांगितलं, आत फ्लॅश चालणार नाही. चिडलो होतो. मग लक्षात आलं की खिडकीतला उजेड कुठल्या बाकाशी पडतो ते आधी हेरायचं आणि जोडपं तिथवर येईपर्यंत गप्प उभं राहायचं. आज हॉलमध्ये फ्लॅश खांद्यावर असतो तरी शिरल्या शिरल्या मी खिडकी शोधतो. पण ती मर्यादा मी घातली नव्हती, पाद्रीनी घातली होती. मी घातली असती तर दुसऱ्याच लग्नात मोडली असती. तुमचंही तेच होणार. कुणीतरी ७०-३०० उसनी देईल आणि वर्ष महिन्यात संपेल.


डार्करूम_म्हापसा
१६ जून, रात्री ९.१५

बाबा, आधी बुरशीचं बोलू, मर्यादेचं नंतर. जून आला आहे.

म्हापशात माझा स्टुडिओ होता, १९८१ ते २००६. लेन्सचं कपाट वेगळं आणि आत १५ वॅटचा बल्ब, पावसाळाभर चालू. वीज गेली की बायकोला फ्रीजची काळजी आणि मला कपाटाची. तुझ्या मावसभावाच्या मशीनने तेच काम केलं: थोडी ऊब, कोरडी हवा. आता बल्बची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा घे, सिलिका जेल घाल, आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर आत ठेव. काटा ४० ते ५० च्या मध्ये राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की बुरशीची चंगळ. अगदी कोरडंही करू नकोस, आतलं वंगण सुकतं. कापडाची बॅग म्हणजे पावसाळ्यात ओला टॉवेल समज, आणि वरून शाल म्हणजे तर त्या बुरशीचं बाळंतपणच केलंस. सडलेल्या लेन्स चांगलीच्या शेजारी ठेवू नकोस.

आता दुसरं. आमच्या वेळी मर्यादा हा शब्द नव्हता, रोल होता. याशिका मॅट, १२० चा रोल, १२ चौकोनी फोटो. ओर्वो मिळाला तर ओर्वो, नाहीतर उटीचा इंदू. कुटुंबाच्या ग्रुपला दोन फ्रेम, एकात कुणाचे तरी डोळे मिटणार हे धरूनच. हल्लीची मुलं मला म्हणतात, काका, म्हणून तुमचे फोटो विचारपूर्वक असायचे. कसले विचारपूर्वक? मागे पडदा, पुढे खुर्ची, बाई बसलेली, पुरुषाचा हात खुर्चीच्या पाठीवर. पंचवीस वर्षं मी एकच फोटो काढला. बाराची मर्यादा होती, तरी. उलट तिच्यामुळेच. फ्रेम फुकट जाऊ नये म्हणून जे जमतं तेच करत राहिलो. ती मर्यादा माझ्या सवयीच्या आड येत नव्हती, सवयीला टेकू देत होती.

तेव्हा ३५ घेऊन वर्ष काढलंस तरी मिरामारच्या सूर्यास्ताचं काही बिघडणार नाही. तो ३५ वर उत्तम येतो.

तू असं कर. सहा वर्षांतले तुझे सगळ्यात आवडते १० फोटो काढ. लोकांना आवडलेले नव्हे, तुला. शेजारी शेजारी लाव. त्यांत परत परत काय येतं ते कागदावर लिही. जे सगळ्यात जास्त वेळा येतं ते बंद कर. लेन्सचं नंतर बघू.


हार्डवेअरवाला
१८ जून, रात्री ११.३०

काका, गृहपाठ केला. थोडा जास्तच केला.

लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळे फोटो फोकल लेंथने गाळून बघितले. निम्म्याहून जास्त १८ वर, म्हणजे सगळ्यात रुंद. त्याच्या खालोखाल ३००, म्हणजे सगळ्यात लांबचं. मधल्या आकड्यांवर किरकोळ. म्हणजे मी झूम कधी वापरलाच नाही, दोन टोकांना दोन खिळे ठोकून त्यांवर कॅमेरा टांगत होतो. मग ३५ ची सक्ती मला लागायला हवी होती ना? कुर्डीचे फोटो परत बघितले. लागली नाही. फक्त चार पावलं मागे जाऊन मी तोच १८ चा फोटो काढला होता.

आता दहा फोटो. निवडायला दोन रात्री गेल्या. दहापैकी आठांत आकाश अर्ध्याहून जास्त. पाचांत सूर्य. सहांत पाणी. माणूस एकाच फोटोत, तोही पाठमोरा, फेरीबोटीच्या कठड्याशी, आणि तोही आकाशाकडेच बघतोय.

बायकोने मागून डोकावून विचारलं, "हे सगळे एकाच दिवशी काढले का?"


डार्करूम_म्हापसा
१९ जून, सकाळी ७.४०

आकाश बंद. चवथीपर्यंत. फ्रेममध्ये बोटभर पट्टीही नको. डबक्यातलं प्रतिबिंब चालेल का विचारशील, नाही चालणार. एका वेळी १२ फोटो, तेही ठेव, कारण तुझ्याकडे ४१ हजार आहेत. आणि बायकोला सांग, तिची नजर चांगली आहे.


मंगलाष्टक_फोटो
१९ जून, सकाळी १०.२०

जून ते ऑगस्ट गोव्यात आकाश बंद, ही कसली शिक्षा? तसंही पांढरंफटक असतं. त्याला एक्स्पोज केलं की खालची माणसं काळी, माणसांना केलं की वर धुतलेली चादर. मी पावसातल्या लग्नांत आपोआपच कॅमेरा खाली झुकवतो.


पेडण्याची_बाई
२२ जून, दुपारी ४.००

मी प्राथमिक शाळेत शिकवते, माझ्याकडे कॅमेरा नाही, मोबाइल आहे. तुम्हा लोकांत बोलावं की नाही ठरवत होते. पण करून बघितलेलं विचारलंत म्हणून.

माझी मर्यादा कुणी घातली नाही, मी घातली नाही, ती बसच्या वेळेने घातली. सकाळी सात-दहाला मी थांब्यावर असते. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे शेत, कोपऱ्यात वडाचा पार. गेल्या वर्षी शाळा सुरू झाली त्या दिवशी सहज फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ठरवलं, रोज एक, थांब्याच्या त्याच खांबाला टेकून, झूम करायचा नाही. आलेला ठेवायचा.

पहिले दोन महिने माझे मलाच बघवेनात. हिरवं, हिरवं, छत्री, हिरवं. सोडून देणार होते. श्रावणात एकदा पोदेर, म्हणजे पाववाला, सायकल पाराला टेकवून पाव भिजू नयेत म्हणून टोपल्यावरचं प्लास्टिक बांधत होता. तोच पोदेर मी रोज बघत होते आणि फोटोत कधी घेतला नव्हता, कारण तो "मध्ये येतो" म्हणून मी तो जाईपर्यंत थांबायची. त्यानंतर मी थांबणं सोडलं. सात-दहाला जे असेल ते. सरदाची, म्हणजे पावसाळी भाताची, कापणी आली, मग वायंगणासाठी, म्हणजे हिवाळी पिकासाठी, पाणी. एका सकाळी शेताच्या टोकाला लाल मातीचा एक ढीग दिसला. पंधरा दिवसांनी तीन. फेब्रुवारीत शेताचा चौथा हिस्सा लाल. बुजवताहेत हे गावात सगळ्यांना माहीत होतं, पण माझे फोटो एकामागून एक सरकवून बघितल्यावर माझ्या सासऱ्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मी कसलीही चळवळ करायला गेले नव्हते. मी बसची वाट बघत होते.

योसेफ सुदेक नावाचा एक चेक छायाचित्रकार होता. पहिल्या महायुद्धात त्याचा उजवा हात गेला. दुसऱ्या महायुद्धात प्राग जर्मनांच्या ताब्यात असताना, १९४० पासून, तो आपल्या स्टुडिओच्या खिडकीचेच फोटो काढू लागला आणि पुढे कित्येक वर्षं काढत राहिला. काचेवरचं दव, तावदानावरून ओघळणारं पाणी, पलीकडे अंगणातलं एक वाकडं झाड. त्याची खिडकी बघितली तेव्हा मला माझ्या थांब्याची लाज वाटेनाशी झाली.

हार्डवेअरवाले दादा, तुमच्या दुकानाच्या दारातून काय दिसतं?


हार्डवेअरवाला
२२ जून, रात्री १०.१५

बाई, मोबाइल-कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात, तुमचंच उत्तर सगळ्यात नेमकं आहे. दारातून समोरचं चपलांचं दुकान दिसतं. दहा वर्षं बघतोय आणि त्यांच्या पाटीचा रंग आत्ता आठवत नाही. उद्या बघतो.


पखवाज (माशेल)
२३ जून, रात्री १२.०५

मला फोटोतलं कळत नाही, भजनातलं थोडं कळतं. भूपात मध्यम-निषाद वर्ज्य. उरले पाच स्वर. देसकारातही तेच पाच. पण भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधारावर वसलेला. देसकार सकाळचा, धैवतावर. आमच्या मंडळात एक पोरगं भूप गाताना धैवतावर घर बांधून राहायचं आणि बुवा झांज थांबवून म्हणायचे, "अरे, रात्रीचे आठ वाजलेत, तुझा सूर्य उगवला कसा?" तेव्हा काय वगळलंय यावर सगळं ठरत नाही. उरलेल्यात मुक्काम कुठे करता ते बघा. आकाश बंद केल्यावर तुम्ही सगळे फोटो फरशीचे काढाल अशी मला भीती आहे.

आषाढीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला या. चिखलकाल्यात आकाशाकडे बघायला सवड नसते.


हार्डवेअरवाला
९ जुलै, रात्री ११.४५

पखवाजवाले, तुमची भीती खरी ठरली. पहिले दोन आठवडे फरशीचेच फोटो आले. फरशी, ओली फरशी, फरशीवर पान. आकाश गेलं आणि त्याच्याबरोबर फोटो कशाचा काढायचा तेही गेलं. रस्त्यावर उभा राहून कॅमेरा डोळ्याला लावायचो, वरती पांढरी पट्टी दिसायची, खाली झुकवायचो, काहीच उरायचं नाही, मग घरी परत. एका दिवशी बारांपैकी दोनच काढले आणि तेही चिडून.

मग दुकानाच्या माळ्यावर पीव्हीसीचे एल्बो काढायला चढलो होतो. वरून खाली बघितलं. काउंटरवर तीन गिऱ्हाइकं, एकाने बोटांनी पाइपाचा व्यास दाखवला, दुसऱ्याने त्याच्या बोटांवर आपली बोटं ठेवून "एवढा नाही, एवढा" म्हणून दाखवलं. मला वरून फक्त डोकी आणि हात दिसत होते. आकाशाचा प्रश्नच नाही! ३५ उघडी १.८ वर, आयएसओ १६००, शटर १/१००. तो माझा पहिला फोटो ज्यात माणसं एकमेकांशी काहीतरी करताहेत. त्यानंतर आठवडाभर मी विनाकारण माळ्यावर चढत होतो. नोकर म्हणतो, शेट, एल्बो खाली आणून ठेवू का?

उंचीवरून खाली, नाहीतर भिंतीला पाठ लावलेल्या माणसाच्या अगदी जवळ. आकाश टाळायचे हे दोनच रस्ते मला सापडले. पहिल्यात लेन्सने काही फरक पडत नाही. दुसऱ्यात ३५ चावते. दीड-दोन मीटरवर उभं राहावं लागतं, आणि तिथून माणसाशी न बोलता फोटो निघत नाही. सहा वर्षं ३०० ने काढत होतो ते कलेसाठी नव्हे, लाजेसाठी, हे आत्ता कळतंय. म्हणजे लेन्सची मर्यादा बिनकामाची नव्हती, पण आकाश आड होतं तोवर ती माझ्यापर्यंत पोचतच नव्हती.

आता चिखलकाला. माशेलला देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या पटांगणात सकाळीच पोचलो. पाऊस मनासारखा. तेल चोपडलेली पोरं, म्हातारे, सगळे चिखलात, हरिनामाचा गजर, चेंडू-फळी, आंधळी कोशिंबीर. आणि भोवती कॅमेरेच कॅमेरे, सगळे एकच फोटो टिपायला टपलेले: चिखल उडतोय आणि तोंड उघडं आहे. मीही त्यातलाच. सात मिनिटांत बारा संपले. शपथेवर सांगतो, सात मिनिटं. बाराही तेच, तोंड उघडं, चिखल हवेत. शेजारच्याच्या कॅमेऱ्याच्या पडद्यावर माझाच फोटो मला दिसत होता.

मग काय, कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा राहिलो. नियम म्हणजे नियम. आणि तेव्हाच पटांगणाच्या कडेला नळ दिसला. एक आजी नातवाला पायांत धरून धूत होती. चिखल उतरता उतरेना, आणि अर्ध्यात तिने त्याचं तोंड हाताने वर करून नीट बघितलं आणि म्हणाली, "अरे, तू आमचा नव्हेस." पोरगं दुसऱ्याचंच! ते तसंच अर्धं धुतलेलं पळालं आणि आजी रिकामा तांब्या घेऊन गर्दीत आपला शोधायला निघाली.

माझ्याकडे फोटो नाही. काका, काल रात्री मी सातपैकी एक फ्रेम डिलीट करून टाकली, "म्हणजे एक शिल्लक होती" असं मनाला सांगायला. हे धरायचं का?


डार्करूम_म्हापसा
१० जुलै, सकाळी ६.५५

रोलमधून फोटो डिलीट होत नसे. बाराच धर. आणि आधी तू बारा लिहिलेस, आता सात म्हणतोस, ते कसं?


हार्डवेअरवाला
१० जुलै, सकाळी ९.३०

मिनिटं सात, फोटो बारा. बारापैकी एक डिलीट केला. उत्साहात लिहिलं, माफी.


मंगलाष्टक_फोटो
१० जुलै, दुपारी १.१०

मी असतो तर आजी मिळाली असती. बर्स्टवर, वीस फ्रेम. हे नोंदवून ठेवतो, पुढे तत्त्वज्ञान चालू द्या.


पेडण्याची_बाई
१० जुलै, दुपारी ४.२०

मंगलाष्टकवाले भाऊ, तुम्ही असता तर तुमचाही कॅमेरा चिखलाकडेच असता. यांनी नळाकडे बघितलं ते बारा संपले म्हणून.


मंगलाष्टक_फोटो
१० जुलै, दुपारी ४.३१

हे मान्य करायला मला चवथीपर्यंत मुदत हवी.


हार्डवेअरवाला
४ सप्टेंबर, रात्री १०.२०

चवथ झाली. हिशोब द्यायला आलो. दीड महिन्यात फार काही लिहिण्यासारखं नाही, दुकानात रंगाचा सीझन होता. चपलांच्या दुकानाची पाटी पिवळी आहे, बाई.

पण माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांचा, बाजार सांगतो. चवथीच्या आदल्या दिवशी फोंड्याच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. डोंगरावरून बायका पाट्या घेऊन उतरतात: कवंडळं, घागऱ्या, तोरिंजन, आंबाडे, चिबूड, सुपारीचे घड. पाऊस म्हणून सगळ्या बाजारावर निळ्या ताडपत्र्या. आकाश आपोआप बंद, काकांचा नियम पाळायची मेहनतच नाही. पण ताडपत्रीखालचा उजेडही निळा. चेहरे आजारी, आणि कवंडळ, जे एरवी शेंदरासारखं पेटतं, ते फोटोत वाळलेल्या विटेच्या रंगाचं. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंगाची दुरुस्ती, हाताने लावून बघितला, चेहरे जरा सुधारले, कवंडळ नाही. उजेडातच तांबडा नसेल तर कॅमेरा तो आणणार कुठून.

दहा फ्रेम अशा गेल्या. जिच्याकडून दरवर्षी घेतो ती बाई माझी खटपट बघत होती. मी अगदी दोन हातांवर, ३५ लावून, ओणवा. तिने विचारलं, काय झालं? म्हटलं, रंग येत नाही. ती हसली. "इथे कसा येणार? गिऱ्हाईकाला मी इथे दाखवतच नाही." आणि दोन कवंडळं उचलून तिने हात ताडपत्रीच्या फटीखाली नेला, जिथून खराखुरा उजेड एका पट्ट्यात पडत होता. पावसाचे थेंब मनगटावर, कोपरापर्यंत हात निळा, मनगटापासून पुढे हात आणि फळं त्यांच्या त्यांच्या रंगात. तिचा चेहरा मागे निळसर, बाजूला बघणारा, कारण तोवर दुसरं गिऱ्हाईक आलं होतं आणि ती त्याला भाव सांगत होती.

प्रिंट काढली आहे, ८ बाय १२. बायकोने माटोळीखालीच भिंतीला लावली. आलेले पाहुणे गणपतीच्या पाया पडून वळले की तिथं थांबत होते. एकाने विचारलं, हात कुणाचा? आजवर माझ्या सूर्यास्ताला कुणी काही विचारलं नव्हतं.


डार्करूम_म्हापसा
५ सप्टेंबर, सकाळी ७.१०

कितवी फ्रेम?


हार्डवेअरवाला
५ सप्टेंबर, सकाळी ८.४५

अकरावी. बारावी काढली नाही. आईचा फोन आला, नारळ विसरलास म्हणून.


मंगलाष्टक_फोटो
५ सप्टेंबर, सकाळी ११.००

मुदत संपली, मान्य. नोव्हेंबरात तुळशीची लग्नं आहेत. घरच्या तुळशीला एकच लेन्स आणि १२ फ्रेम करून बघतो. ते गिऱ्हाईक तक्रार करत नाही.


मेगापिक्सेल
५ सप्टेंबर, दुपारी १२.१५

कॅमेरा कुठला?


पेडण्याची_बाई
५ सप्टेंबर, दुपारी ४.०५

दादा, ती प्रिंट पुढच्या चवथीला त्या बाईंना नेऊन द्या. आणि आकाश उघडलं का?


हार्डवेअरवाला
७ सप्टेंबर, रात्री ९.५०

पुढच्या चवथीपर्यंत कशाला, त्या बाई शुक्रवारच्या बाजारालाही येतात असं कळलंय. एक जादा प्रिंट टाकली आहे.

आकाश आज उघडलं. म्हटलं, बघू तर काय वाटतं, म्हणून दुपारी बायकोला घेऊन मिरामारला गेलो. धो धो पाऊस. तासभर गाडीत बसून भजी खाल्ली. कॅमेरा डब्याबाहेर आलाच नाही. मीटर ४८ दाखवत होता.